पेंग आजोबांच्या नावाचा दिवा

—नाही, खराब नव्हता. शंभरदा विचारा, शंभरदा तेच सांगेन, त्सेंग काका. या फानबाईचा दिवा खराब निघाला असं माझ्याच तोंडून वदवून घ्यायला आला असाल, तर चहा प्या आणि आल्या वाटेनं परत जा. बसा आधी. तिथं नको — त्या स्टुलावर सॉल्व्हंट, शाई विरघळवायचं पाणी, सांडलंय, विजारीला डाग पडला तर काकू माझ्या नावानं खडे फोडतील. इकडे बसा, खिडकीपाशी. वारा लागतोय? लागू दे. सगळा जन्म या वादळी शिनचू शहरात गेला तुमचा आणि वाऱ्याला काय घाबरता! आणि ती पिशवी काय अशी पोटाशी धरून बसलायत — दिवा आहे तो, तान्हं मूल नाही. ठेवा टेबलावर. बघते मी, सावकाश बघते. पण आधी माझं ऐकायचं. काल देवळात सगळे बोलले, मी गप्प बसले होते. का गप्प बसले? बाहेर पेंगांची दोन्ही पोरं उभी होती आणि तिकडे त्यांचा बाप ऑक्सिजनवर होता, म्हणून. एरवी मी गप्प बसणारी बाई आहे का? नाही. तुम्हाला माहीत आहे, कमिटीला माहीत आहे, तुम्ही राखता त्या देवळातल्या साक्षात भूमिदेवाला माहीत आहे.

काय ठरवलंत मग? परत सांगा. नको, मीच सांगते, तुम्हाला उगीच ओशाळायला नको. पेंग आजोबांच्या नावाचा दिवा काळा पडला, आणि त्याच आठवड्यात आजोबा पडले. म्हणून फानबाईनं त्यांच्या घरच्यांपुढं उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, माझ्या दिव्यात खोट होती. आणि देवळाच्या भिंतीवरचे सगळे दिवे — आपल्या वस्तीतल्या घराघरातल्या माणसांच्या नावाचे, मी या हातांनी केलेले — नव्या वर्षाच्या आत काढून न्यायचे. मग तिथं तुम्ही त्या वायरवाल्या लिनचे एलईडी लावणार. पांढरेफटक! त्या उजेडात देवळात बसलं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं, असं कोण म्हणालं होतं? तुम्हीच म्हणाला होतात काका, याच खोलीत, याच खुर्चीत. माझ्या दिव्याखाली तळहात धरून म्हणाला होतात, पोरी, हा तर माझ्या लहानपणीचा उजेड आहे. आता म्हणता कमिटी म्हणते. कमिटी म्हणजे कोण? तुम्ही आणि तुमच्याबरोबर पत्ते खेळणारे चार म्हातारे.

अपशकुनाचं मला सांगू नका. टिंगल नाही करत मी. नाव लिहायचं, दिवा लावायचा, वर्षभर तो जळत राहिला की त्या नावाचा माणूस धडधाकट — हे मीही मानते. म्हणजे — मानते असं नाही, पण माझ्याही नावाचा आहे ना तिथं, खालून तिसऱ्या ओळीत? लावलाच ना मी? मग! पण दिवा विझला म्हणून माणूस पडला, हे कुठलं? नव्वदीला टेकलेला माणूस, भर हिवाळ्यात पहाटे उघड्या अंगानं अंगणात कवायत करतो, कुणाचं ऐकत नाही — पडेल नाही तर काय करेल!

एक विचारू? दिवा कसा होतो ते कधी बघितलंत तुम्ही? वर्षभर भिंतीवर मिरवताय, एकदा तरी इथं डोकावलात? ती बघा काचेची पेटी, हातमोजे लोंबतायत ती. आत हवा नाही, नुसता नायट्रोजन. का? कारण हे उजेड देणारं जे द्रव्य आहे ना, त्याला आपली हवा सोसत नाही. हवेतली ओल लागली की खलास. आता मोठ्या कंपन्या काय करतात — घराएवढाल्या पेट्या, आतली सगळी हवा काढून टाकायची, द्रव्य तापवायचं, त्याची वाफ करायची, ती काचेवर बसवायची. किती तरी माल पेटीच्या भिंतींनाच चिकटून वाया जातो. जाऊ दे वाया, त्यांच्या बापाचं काय जातंय! मी काय करते? मी विरघळवते. शाई करते त्याची. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर ओतायची, पात्यानं पसरायची, वाळवायची — बस. माझी आई बाजारात तांदळाच्या पातळ पोळ्या विकायची, आठवतं ना? ताटात पीठ ओतायचं, ताट जरा तिरकं करायचं, पीठ सगळीकडे सारखं, मग वाफेवर. तेच. पीएचडी करून मी आईचाच धंदा करते, फरक इतकाच की माझ्या पोळ्या खाता येत नाहीत.

ऐकायला सोपं. करायला बसा म्हणजे कळेल! एका दिव्यात चार-पाच थर, एकावर एक. पहिल्या थरावर दुसरी शाई ओतली की तिच्यातलं सॉल्व्हंट पहिल्यालाच विरघळवतं, सगळा चिखल. मग असं सॉल्व्हंट शोधायचं की जे आपली शाई तर धरेल पण खालच्या थराला बोट लावणार नाही. त्यात केस पांढरे झाले माझे. ते जमलं, तर शाई वाळताना कडेला पळायला लागली. चहाच्या कपाखाली डाग उमटतो ना, कडेला गडद आणि मध्ये फिका? तसं. दिवा कडेनं जळतोय आणि मध्ये आंधळा! विद्यापीठातले म्हणाले, फान, वेळ कशाला घालवतेस, निळ्या उजेडावर काम कर, सगळं जग निळ्याच्या मागे आहे. मी म्हटलं, जाऊ दे जगाला. निळा सगळ्यात आधी मरतो आणि मरेपर्यंत लोकांची झोप उडवतो. मला मेणबत्तीचा उजेड करायचाय, काजळी न धरणारा, पडदे न जाळणारा. हसले. हसू देत! माझा सख्खा भाऊ अजून हसतो — म्हणतो, ताई, दिव्याचा शोध लागून गेला, तुला कुणी कळवलं नाही का? नाही कळवलं. आणि कळवलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आणि तुम्ही म्हणता खराब. माझा दिवा असा फटकन काळा पडतच नाही, काका. तो मंदावतो. सावकाश, सगळीकडून सारखा, माणूस थकतं तसा. मंदावणं वेगळं, काळं पडणं वेगळं. आणि मंदावायला लागला की मी लगेच बदलते — म्हणजे — काही नाही. पुढं काय सांगत होते मी? अहो, असे काय बघताय? बरं, बदलते! बदलते मी, झालं? तुम्ही जेवून देवळातल्या त्या बाकावर आडवे होता ना, तोंडावर टोपी घेऊन, तेव्हा येते. मंदावलेला काढायचा, नवा बसवायचा, नावाची चिठ्ठी होती तशी लावायची. चार-पाच असतील. बरं, जरा जास्त. मोजत बसू नका! दिसले का तुम्हाला कधी? नाही ना? घोरत असता तुम्ही. आणि यात चोरी कसली? माझेच दिवे, मीच काढते, मीच लावते. आपल्या नावाचा दिवा मंद झालेला कुणाच्या नजरेला पडू नये, एवढंच. देवापुढची सुकलेली फुलं तुम्ही काढताच ना? वस्तीला सांगून काढता? मग! शिवाय त्यातला एकही काळा नव्हता. हे माझ्याविरुद्ध जात नाही, माझ्या बाजूनं जातं. जरा डोकं चालवा.

आणि काढायला कधी सांगताय — तर आत्ता! पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रमाची माणसं येणारेत. कुठला ते नाही सांगत, लिनच्या कानावर जाईल. त्यांना रात्रीसाठी दिवे हवेत, म्हाताऱ्या माणसांना बाथरूमला उठताना दिसावं पण झोपमोड होऊ नये असे. सगळ्या खोल्यांतून, सगळ्या बोळांतून. मी त्यांना आलेख पाठवले, आकडे पाठवले. त्या बाई म्हणाल्या, फानबाई, ते राहू दे, जळताना कुठं बघायला मिळतील? कुठं दाखवू मी? या खोलीत, या तुटक्या स्टुलावर? अख्ख्या तैवानात माझे दिवे जळतायत अशी जागा एकच आहे, काका. ती तुमची भिंत. ती गेली की मी कोण? हातमोज्यात हात घालून पेटीत खेळणारी एक खुळी बाई. भाऊ म्हणतो ते खरं होऊन बसेल. म्हणून सांगते, नाही म्हणजे नाही. हात जोडणार नाही, खोट होती म्हणणार नाही, आणि एकही दिवा हलवू देणार नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहीन. या म्हणावं लिनला त्याची शिडी घेऊन.

आणा ती पिशवी इकडे. वर्तमानपत्रात काय गुंडाळलाय, मासळी आहे का? — थांबा, भिंग कुठं गेलं — हं. आता बघा. या इकडे, चष्मा लावा. काळं कुठून सुरू झालंय? मधून? नाही. चहूकडून? नाही. एका कोपऱ्यातून. या कोपऱ्यातून आत पसरत गेलंय, भिंतीला ओल चढते ना, तसं. म्हणजे हवा शिरली. मग शिरली कुठून? चारी कडा मी स्वतः बंद केल्यात, माझ्या हातची कड कधी सुटत नाही, पैज लावा. हा लाल दोरा कसला? नवसाचा का? आणि हा बांधलाय कुठं, नुसता चिकटव—

भोक! काका, भोक आहे हे! गोल, स्वच्छ, फायलीत लावायच्या कागदाला पाडतात तसलं भोक! अहो, देवा! पंचिंग मशीन! पट्टी पातळ आहे, कडेला काही दिसत नाही, रिकामी जागा आहे — मारा पंच, ओवा दोरा! ती कड रिकामी नाहीये हो, तोच तर बांध आहे, त्या बोटभर कडेवर तर सगळा दिवा जिवंत असतो! बाटलीच्या बुडाला भोक पाडायचं आणि मग वाण्याला म्हणायचं तुझं तेल खराब! आणि काल मला कमिटीपुढं उभं केलंत! आणि लिन त्याच्या खिशात हात घालून हसत होता! उठा. उठा, चला. आत्ताच्या आत्ता चला. सगळ्यांना बोलवा, जत्रेत लावता तो कर्णा लावा, मी हा दिवा वर धरून दाखवते — या कोपऱ्यातून हवा गेली, हे भोक, हे देवळाचं पंचिंग मशीन, आणि हे त्सेंग काका. कुणी हात जोडायचे ते मग ठरवू. वृद्धाश्रमवाल्यांनाही हाच दाखवेन, म्हणेन बघा, भोक पाडलं तरच मरतो, नाहीतर मरत नाही! बसून काय राहिलात? चला की!

काय? — मोठ्यानं बोला. तुम्ही नाही पाडलं? मग मशीन काय आपल्या पायांनी चालत आलं? तुमच्याच खणात असतं ते, तुमच्या त्या सुपाऱ्यांच्या पुडीबरोबर. कुणी मागितलं? मागितलं म्हणजे कुणालाही द्यायचं? कुणाला दिलंत? — कोण? — पेंग आजींना?

आजोबा पडायच्या आधी की नंतर? — आधी. असं होय. म्हणजे त्यांची छाती भरायला लागली होती तेव्हा. आणि तुम्ही बघत होतात? — अर्धा दोरा इथं. आणि अर्धा? — मनगटाला. आजोबांच्या मनगटाला. एकाच दोऱ्याचे दोन तुकडे. म्हणजे या टोकाचा उजेड त्या टोकाला पोचावा, असं काहीतरी असणार डोक्यात. कुणी सांगितलं होतं तिला असं? — कुणी नाही. आपल्याच मनानं. तरीच ही गाठ अशी — एवढीशी गाठ, तीनतीनदा मारलीय. हात थरथरतात ना तिचे.

बरं, मग? मग काय झालं? माझं काय चुकलं त्यात? खरं ते खरं. तिनं पाडलं तर तिनं पाडलं. जाऊन सांगायचं. नीट, गोड शब्दांत सांगायचं. मी सांगते, मला काय भीती आहे का कुणाची? म्हणायचं, आजी, तुम्ही दिव्याला जे भोक पाडलंत ना, त्यातून हवा आत गेली, आणि हवा गेली म्हणून आजोबांच्या नावाचा दिवा — आजोबांचा — 

नाही, थांबा. दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येईल. म्हणायचं, आजी, तुमचा काही दोष नाही, पण — पण काय? ‘पण’च्या पुढं काय ठेवायचं? ती काय म्हणेल सांगू? आरडाओरडा करणार नाही. केला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती आधी नुसती बघत राहील आपल्या हातांकडे. आणि मग हळूच विचारेल, म्हणजे मीच विझवला का गं? साठ वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर, त्याचा ताप उतरावा म्हणून रात्ररात्र कपाळावर घड्या ठेवल्या, आणि आता जाता जाता — मीच विझवला का गं? आणि मी काय उत्तर देणार? रसायनशास्त्र शिकवणार तिला? दिवा वेगळा आणि माणूस वेगळा, हे तुम्हाला पटवता येईना मला इतका वेळ, तिला पटवणार!

कालच माहीत होतं तुम्हाला. हो ना? सगळ्यांसमोर कमिटीतले तुमच्यावर ओरडत होते, देवळाची राखण करतोस की झोपा काढतोस म्हणून, तेव्हाही माहीत होतं. म्हणून खाली मान घालून बसला होतात. आणि मला वाटलं, म्हातारा भित्रा आहे. आणि आज इथं आलात, माझ्या सगळ्या शिव्या ऐकून घेतल्यात, आणि भोक दिसेपर्यंत आजींचं नाव काढलं नाहीत — म्हणजे काय, मला आपणहून कळावं म्हणून? धन्य आहे तुमची! सरळ सांगायला काय झालं होतं? — सरळ सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. तेही खरंच.

मला एक सांगा, वर्षापूर्वी कमिटीत पहिलं नाव कुणी दिलं होतं? सगळे म्हणत होते, हे प्लास्टिकचं काय लावता, देव रागावेल. मी माझी खोकी उचलून निघाले होते, दारापर्यंत गेले होते. आणि ही बाई — शाळेचं तोंड न बघितलेली — पुढं आली, दिव्याला गाल लावून बघितला, म्हणाली, गालाला चटका बसत नाही आणि डोळ्याला बोचत नाही, लाव गं माझ्या म्हाताऱ्याच्या नावाचा. मग बाकीच्यांनी नावं दिली. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे! कुणाला बोललात तर बघा.

ती कात्री द्या. ती नाही, मोठी, मागची. हे टोक धरा. घट्ट धरा, घाबरू नका, तुम्हाला नाही कापणार. — झालं. गेला कोपरा. आता दाखवा भोक. कुठंय? नाही ना? हा तुकडा, नको, तुमच्याकडे नको, तुमच्या खिशातून रोज काहीतरी पडत असतं. इथं, फडक्यांच्या डब्यात, उद्या कचऱ्याच्या गाडीबरोबर जाईल. कोपरा कापलाय कसा म्हणाले तर सांगा, फानबाईनं तपासायला कापला, आत द्रव्यच नासलं होतं म्हणाली. शाईचा तो घाणाच बिघडला होता म्हणावं. दोरा तेवढा ठेवा नीट. नवा दिवा दुपारपर्यंत देते, मागं कापडाची नाडी चिकटवून. तिला काय बांधायचं ते त्या नाडीला बांधू दे. भिंतीवरचे दिवे उतरेपर्यंत जळेल, आणि ते उतरले की हा तिच्या घरी न्या, उशाशी ठेवू दे.

हो, संध्याकाळी येते मी. येते म्हटलं ना. हात जोडीन, खोट होती म्हणेन. पण मान खाली घालणार नाही, आणि भिंतीवरचा एकही दिवा माझ्या हातानं काढणार नाही, ते लिनला करू दे, आणि तो हसला ना, तर त्याच्या त्याच शिडीवरून त्याला खाली ओढीन, हे आधीच सांगून ठेवा त्याला. वृद्धाश्रमवाल्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. तुमचा काय संबंध? — काय करताय हे? वाकू नका. माझ्यापुढं वाकू नका काका, मला नाही आवडत. सरळ उभे राहा. सरळ! आणि ऐका. आजी विचारणारच तुम्हाला, सगळे पांगल्यावर, एकटीच गाठून विचारणार, दिवाच खराब होता ना हो, म्हणून. तेव्हा जमिनीकडे बघायचं नाही. माझ्याकडेही बघायचं नाही. तिच्या डोळ्यांत बघून हो म्हणायचं. जमेल? — मग जा.